खिशातली छोटी विजेरी: आधी सेल ठरवा, मग विजेरी

मराठी घरांत ‘बॅटरी’ हा शब्द दोन वेगळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. गावाकडे ‘जरा बॅटरी मार’ म्हटले की टॉर्चचा झोत टाकायचा असतो आणि त्या टॉर्चच्या पोटात जे घालायचे त्याला ‘सेल’ म्हणतात. शहरातल्या दुकानात मात्र ‘बॅटरी द्या’ म्हटल्यावर दुकानदार सेलच काढून पुढे ठेवतो. हा घोटाळा टाळण्यासाठी या लेखात प्रकाश देणाऱ्या वस्तूला विजेरी आणि तिला वीज पुरवणाऱ्या वस्तूला सेल असे म्हटले आहे. दोन्ही शब्द आरंभीच वेगळे करण्यामागे आणखी एक कारण आहे. नवा ग्राहक विजेरीचे छायाचित्र आणि तिच्यापुढे लिहिलेला ल्युमेनचा आकडा पाहून खरेदी करतो आणि सेलचा विचार पार्सल घरी आल्यावर करतो. माझ्या मते हा क्रम उलटा असावा, कारण पाच वर्षांनी ती विजेरी वापरात राहील की टेबलाच्या खणात पडून राहील, हे बहुतेक वेळा सेलच ठरवतो.

मोबाइलच्या दिव्यावर आजवर काम भागवलेल्या, पण आता काही हजार रुपये खर्चून बोटाएवढी चांगली विजेरी घ्यावी असे वाटू लागलेल्या वाचकासाठी हा लेख आहे. एवढ्याशा नळीसाठी इतके पैसे का, हा प्रश्न घरात विचारला जाईलच. त्याचे प्रामाणिक उत्तर असे की, पैसे प्रामुख्याने चार गोष्टींचे असतात: प्रकाश स्थिर राखणारे आतले सर्किट, रंग खरे दाखवणारा एलईडी, पाणी आत येऊ न देणारे बारीक कातकाम आणि सेल बदलून वर्षानुवर्षे वापरता येईल अशी रचना. यांपैकी निदान पहिली आणि शेवटची गोष्ट नसेल, तर विजेरीचे कवच टायटॅनियमचे असले तरी ती महाग विजेरी आहे, चांगली नव्हे.

पहिली पायरी: काम कोणते, ते लिहून काढा

ल्युमेन म्हणजे विजेरीतून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना वीज गेलेल्या खोलीत पाण्याचा तांब्या शोधायला एक ल्युमेनही पुरतो. छताकडे तोंड करून ठेवलेली ५ ते १० ल्युमेनची विजेरी छोट्या खोलीत सर्वांना एकमेकांचे चेहरे दिसतील इतका उजेड देते. पायवाटेने चालायला ५० ते १०० ल्युमेन पुष्कळ होतात, तर शेताच्या बांधापलीकडे काय खसफसले हे पाहायला क्षणभर ३०० लागतात. डोळा प्रकाशाचे मोजमाप सरळ पटीत करत नाही. उजेड दुप्पट ‘वाटण्यासाठी’ ल्युमेन साधारण चौपट करावे लागतात. त्यामुळे ४०० आणि ५०० ल्युमेनच्या दोन विजेऱ्यांतला फरक जाहिरातीत मोठा दिसतो, अंगणात जवळजवळ दिसतच नाही.

म्हणून विकत घेताना सर्वांत मोठ्या आकड्याआधी सर्वांत लहान आकडा पाहावा. ज्या विजेरीची मंद पायरीच, म्हणजे प्रकाशाची सर्वांत कमी पातळीच, ३० ल्युमेनची आहे, ती रात्री दोन वाजता झोपलेल्या घरात निरुपयोगी ठरते. भंडारदऱ्याकडे काजवे पाहायला जाणाऱ्यांना तर एका ल्युमेनच्या आसपासची पायरी असलीच पाहिजे. तिथे पांढरा झगझगीत झोत टाकणारा माणूस स्वतःचा, शेजाऱ्यांचा आणि काजव्यांचाही विरस करतो.

दुसरी पायरी: आकारांची नावे समजून घ्या

खिशात मावणाऱ्या विजेऱ्या बहुधा एकाच सेलवर चालतात. घड्याळात आणि जुन्या रेडिओत बसणारा, ज्याला आपण पेन्सिल सेल म्हणतो, तो एए. त्याचा व्यास सुमारे १४ मिलिमीटर आणि लांबी ५० मिलिमीटर असते. टीव्हीच्या रिमोटमधला त्याहून बारीक सेल म्हणजे एएए, सुमारे १० मिलिमीटर जाड आणि ४४ मिलिमीटर लांब. या दोन्ही आकारांना जुळणारे, पुन्हा चार्ज होणारे लिथियम-आयन सेलही असतात आणि त्यांची नावे म्हणजेच त्यांची मापे असतात: १४५०० म्हणजे १४ मिलिमीटर व्यास, ५० मिलिमीटर लांबी आणि शेवटचे शून्य गोल नळकांड्याच्या आकारासाठी. याच हिशेबाने १०४४० हा एएएच्या आकाराचा, १६३४० हा पूर्वी कॅमेऱ्यात लागणाऱ्या सीआर१२३ए या सेलच्या आकाराचा आणि १८६५० हा जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत सापडणारा. १८६५०ची विजेरी जॅकेटच्या खिशात चालते. शर्टाच्या खिशात ती खिसा ओढून धरते. म्हणून इथे तिचा विचार तुलनेपुरताच केला आहे.

आकार सारखा म्हणजे सेल सारखा, हा समज मात्र येथेच सोडून द्यावा. एए पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो. त्याच मापाचा १४५०० पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टचा असतो. तो चुकून भिंतीवरच्या घड्याळात किंवा मुलाच्या खेळण्यात गेला, तर त्या वस्तूची भरपाई तुम्हालाच करावी लागते. माझ्याकडे लिथियम सेल नेहमी झाकण असलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत असतात आणि डबीवर लाल पट्टी असते. घरातल्या इतरांना एवढेच सांगितले आहे की, लाल पट्टीला हात लावायचा नाही.

तिसरी पायरी: रसायन निवडा

या पायरीवर घाई करू नये.

किराणा दुकानात बरणीशेजारी टांगलेले स्वस्त सेल बहुधा झिंक-कार्बन जातीचे असतात. त्यांचे जस्ताचे कवच हेच त्यांचे एक टोक असते. सेल वापरला जाईल तसे ते कवच झिजत जाते आणि शेवटी आतला ओला मसाला बाहेर येतो. भिंतीवरच्या घड्याळासाठी ते ठीक आहेत. चांगल्या विजेरीत ते घालू नयेत, हे एका वाक्यात सांगून पुढे जातो.

अल्कलाइन सेल त्याहून कितीतरी बरे, आणि एका नामांकित कंपनीचे असे सेल मीही वर्षानुवर्षे वापरले. एका पावसाळ्यानंतर खणात ठेवलेली एएएची विजेरी काढली, तर तिची शेपटी, म्हणजे फिरवून उघडायचे मागचे टोक, फिरेना. भांड्यांची घट्ट झाकणे उघडायचे रबर गुंडाळून, अर्धा दिवस तेल मुरवून ती एकदाची उघडली, तेव्हा आट्यांमध्ये पिठासारखी पांढरी भुकटी भरलेली होती, स्प्रिंगेचा शेवटचा वेढा हिरवा होऊन तुटला होता आणि सेल फुगून नळीला आतून चिकटला होता. लाकडी काडीने ठोकून तो बाहेर काढावा लागला. ती पांढरी भुकटी म्हणजे सेलमधून झिरपलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन झालेले पोटॅशियम कार्बोनेट. हा पदार्थ आम्लाचा विरोधी असल्यामुळे कापसाच्या काडीला पांढरे व्हिनेगर लावून पुसला की निघतो. नंतर ओल्या फडक्याने पुसून पूर्ण सुकवावे आणि हे करताना डोळे व बोटे जपावीत. माझी विजेरी त्यानंतर पेटली, पण तिच्या आट्या आजही कुरकुरतात.

गळती हा अल्कलाइनचा एक दोष. दुसरा दोष विजेरीच्या दृष्टीने अधिक मोठा आहे. पांढऱ्या एलईडीला पेटायला सुमारे ३ व्होल्ट लागतात आणि पेन्सिल सेल तर दीडच व्होल्ट देतो. हे अंतर भरून काढण्यासाठी विजेरीतले सर्किट व्होल्ट वाढवते आणि त्याची किंमत म्हणून सेलमधून जास्त प्रवाह ओढते. ३०० ल्युमेनसाठी एलईडीला साधारण ३ वॉट लागतात असे धरा. भाराखाली १.२ व्होल्टवर उतरलेल्या सेलमधून तेवढी शक्ती काढायची तर अडीच अँपिअर लागतात आणि सर्किटमधला तोटा जमेस धरला तर जवळपास ३. अल्कलाइन सेलचा अंतर्गत विरोध इतका असतो की एवढा प्रवाह ओढताच त्याचे व्होल्ट कोसळतात. घड्याळासारख्या मंद कामात अडीच हजार मिलिअँपिअर-तास (सेलची क्षमता मोजण्याचे माप) देणारा हाच सेल एक अँपिअरच्या भाराखाली त्याच्या निम्मेही देत नाही.

येथे निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे आपल्याकडे सरसकट ‘रिचार्जेबल पेन्सिल सेल’ म्हणून ओळखला जाणारा सेल कामाला येतो. त्याचे व्होल्ट १.२ म्हणजे कमी दिसतात, पण भाराखाली ते जवळजवळ तसेच टिकतात. दोन अँपिअर ओढले तरी तो फारसा कुरकुरत नाही. पूर्वी या सेलांची तक्रार अशी होती की चार्ज करून ठेवले तरी दोन महिन्यांत आपोआप रिकामे होतात. २००५ मध्ये सान्यो कंपनीने एनेलूप नावाने असे सेल आणले जे वर्षभर पडून राहिले तरी बराचसा चार्ज राखतात. ते नाव आता पॅनासॉनिककडे आहे आणि तसे सेल इतर कंपन्याही बनवतात. पाकिटावर ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ किंवा ‘रेडी टू यूज’ अशा अर्थाचे शब्द असतात. ते पाहूनच घ्यावेत. अशा एए सेलची खरी क्षमता सुमारे २००० मिलिअँपिअर-तास आणि एएएची सुमारे ८०० असते. २५००च्या वर आकडा असलेले सेलही मिळतात, पण क्षमता वाढवताना त्यांचे आयुष्य, म्हणजे किती वेळा चार्ज करता येईल ती संख्या, बहुधा कमी झालेली असते. मी नेहमी दोन हजारीच घेतो.

न चार्ज होणारा लिथियम पेन्सिल सेल हा आणखी एक प्रकार. तो दीड व्होल्टचाच असतो, वजनाने अल्कलाइनपेक्षा स्पष्टपणे हलका असतो, लडाखच्या थंडीत काम देतो, वीस वर्षांपर्यंत साठवता येतो आणि गळतीची भीती जवळजवळ नसते. महाग असल्यामुळे रोज वापरू नये. गाडीच्या डिकीत किंवा आपत्कालीन पिशवीत वर्षानुवर्षे विसरून ठेवायच्या विजेरीत मात्र हाच घालावा.

आता लिथियम-आयन, म्हणजे १४५००. त्याच्याविषयी नवख्यांच्या मनात सर्वाधिक गैरसमज असतो, म्हणून थोडे गणित करू. सेलमध्ये साठलेली ऊर्जा म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. २००० मिलिअँपिअर-तासांचा एनेलूप घेतला तर १.२ गुणिले २, म्हणजे २.४ वॉट-तास. चांगला १४५०० साधारण ९०० मिलिअँपिअर-तासांचा असतो, ३.६ गुणिले ०.९ केले तर ३.२४ वॉट-तास. म्हणजे ऊर्जा जेमतेम एकतृतीयांशाने जास्त. मग त्याच विजेरीत १४५०० घातल्यावर उजेड दुप्पट-तिप्पट का होतो? कारण एलईडीला लागणारे व्होल्ट त्याच्याकडे आधीच आहेत. त्या ३ वॉटसाठी त्याला एक अँपिअरसुद्धा द्यावा लागत नाही. टाकी थोडीशीच मोठी आहे, पण नळ कितीतरी रुंद आहे. रुंद नळाने टाकी लवकर रिकामी होते, हे ओघानेच आले. शिवाय मिलिअँपिअर-तासांचे आकडे वेगवेगळ्या व्होल्टच्या सेलांमध्ये कधीच थेट ताडून पाहू नयेत. ९०० हा आकडा २००० पेक्षा लहान असूनही त्यामागे ऊर्जा जास्त आहे. याच रीतीने एएए काढला तर एक वॉट-तासाच्या आसपास भरतो आणि ३५०० मिलिअँपिअर-तासांचा १८६५० साडेबारा वॉट-तासांचा. किल्लीच्या जुडग्यातल्या एएए विजेरीकडून रात्रभर प्रखर प्रकाशाची अपेक्षा का ठेवू नये, हे या दोन आकड्यांत येते.

माझा सल्ला स्पष्ट आहे. पहिली विजेरी एए सेलची घ्यावी, शक्यतो एए आणि १४५०० हे दोन्ही चालतील असे निर्मात्याने लेखी दिलेले असावे आणि पहिले सहा महिने ती निकेल-मेटल हायड्राइडवरच वापरावी. सोफर्नची एसपी१० प्रो आणि स्किलहंटची एम१५० या दोन्ही प्रकारच्या सेलांवर चालणाऱ्या विजेऱ्या आहेत. एसपी१० प्रोमध्ये मात्र एकाच बटणावर इतक्या करामती भरलेल्या आहेत की वृद्ध आईवडिलांच्या हातात ती देऊ नये. त्यांच्यासाठी ओलाइटची आय३टी बरी: एक एएए सेल, मागे एक बटण, ५ आणि १८० ल्युमेन अशा दोनच पायऱ्या. ती फक्त एएए सेलसाठी आहे. आकार जुळतो म्हणून तिच्यात १०४४० घालण्याचा मोह टाळावा, कारण निर्मात्याने परवानगी दिली नसताना जास्त व्होल्टचा सेल घातला, तर सर्किट जळते किंवा एलईडी तापून निकामी होतो. १०४४०ची क्षमताही जेमतेम साडेतीनशे असल्यामुळे त्याच्यावर ताण पडतो तो वेगळाच. नवख्याने तो प्रकार मुळीच हाती घेऊ नये, असे मी म्हणेन.

चौथी पायरी: विजेरीची माहितीपत्रिका वाचा

चांगल्या कंपन्या आपले आकडे अमेरिकेतल्या एएनएसआय एफएल१ या मानकाप्रमाणे देतात. त्या मानकाची परिभाषा कळली नाही, तर ते आकडे खरे असूनही फसवतात. त्यात ल्युमेन मोजले जातात ते विजेरी लावल्यानंतर ३० सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंतच्या अवधीत. ‘चालण्याचा काळ’ म्हणजे प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. त्यामुळे ‘८०० ल्युमेन, दीड तास’ असे लिहिलेल्या विजेरीने पहिली काही मिनिटे ८०० दिले, मग तापल्यामुळे स्वतःच २०० वर आली आणि उरलेला वेळ तेवढ्यावर काढला, तरी मानकाप्रमाणे तो दावा योग्यच ठरतो. म्हणून कालानुसार प्रकाश कसा उतरतो याचा आलेख शोधावा. आलेखातली रेघ बराच वेळ आडवी असेल, तर आतले सर्किट चांगले आहे. रेघ पहिल्या मिनिटापासून घसरगुंडीसारखी उतरत असेल, तर कवचाचे पैसे घेतले आहेत.

झोताचे अंतर ज्या ठिकाणी ०.२५ लक्स प्रकाश उरतो तिथपर्यंत मोजतात, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. मीटरमधले हे अंतर कँडेलाच्या, म्हणजे झोताच्या तीव्रतेच्या आकड्याच्या, वर्गमुळाच्या दुप्पट असते: २५०० कँडेला असतील तर १०० मीटर. चांदण्याएवढ्या उजेडात १०० मीटरवरचे काय ओळखू येईल, याचा विचार ज्याचा त्याने करावा. मी छापील अंतराचे निम्मे करून धरतो.

पाण्याच्या बाबतीत आयपीएक्स४ म्हणजे उडणारे थेंब आणि आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. कोकणातला किंवा घाटमाथ्यावरचा पाऊस पाहता आयपीएक्स७च्या खाली उतरू नये. यूएसबी-सीचे चार्जिंग भोक रबराच्या झाकणाने बंद होत असेल, तर ते रबर हीच सर्वांत कच्ची जागा असते, हेही लक्षात ठेवावे.

एलईडीच्या रंगाबाबत दोन आकडे दिलेले असतात. केल्विनमधला आकडा प्रकाश पिवळसर की निळसर ते सांगतो: ३००० म्हणजे जुन्या बल्बसारखा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. सीआरआय हा दुसरा आकडा रंग किती खरे दिसतात ते सांगतो आणि तो ९०च्या वर असावा. जपानच्या निचिया कंपनीचा ५१९ए हा एलईडी यासाठी नावाजलेला आहे. मला याचे महत्त्व मीटरच्या पेटीपुढे कळले, कारण ७० सीआरआयच्या विजेरीत लाल आणि तपकिरी वायर मला सारख्याच दिसत होत्या. पालापाचोळ्यावर पडलेली घोणसही खऱ्या रंगांच्या प्रकाशात मला लवकर वेगळी दिसते. उच्च सीआरआयच्या एलईडीचे ल्युमेन थोडे कमी भरतात. तो सौदा मी आनंदाने करतो.

धातूंविषयी थोडक्यात. ॲल्युमिनियम उष्णता टायटॅनियमच्या दहापट तरी वेगाने वाहून नेते, तांबे त्याहून अधिक. टायटॅनियम दिसायला सुंदर, पण त्याच्या विजेरीचे डोके पटकन तापते आणि आट्या करकरतात. तांबे आणि पितळ हाताच्या घामाने काळवंडतात आणि खिशाला जड होतात. पहिली विजेरी जाड अॅनोडाइज केलेल्या, म्हणजे वरून ऑक्साइडचा टणक थर चढवलेल्या, ॲल्युमिनियमची असावी. या थरातून वीज वाहत नसल्यामुळे मागचे टोक पाव फेरा सैल केले की विजेरी पूर्ण बंद होते. बाजूला इलेक्ट्रॉनिक बटण असलेल्या विजेऱ्या बंद असतानाही सेलमधून किंचित वीज खात राहतात आणि खिशात आपोआप लागून मांडी भाजण्याइतक्या तापू शकतात. पाव फेऱ्याची ही सवय दोन्ही गोष्टी टाळते.

पाचवी पायरी: चार्जर आणि सेलची खरेदी

विजेरीच्या आधी चार्जर घ्यावा, असे मी सांगतो तेव्हा लोक हसतात. सेलच्या पाकिटाबरोबर फुकट मिळणारा चार्जर बहुधा दोन-दोन सेल जोडीने चार्ज करतो आणि ठरावीक तासांनी बंद होतो. त्यात एक सेल अर्धा भरलेला व दुसरा रिकामा असेल, तर पहिला जास्त आणि दुसरा कमी चार्ज होतो. प्रत्येक खाच स्वतंत्र असलेला, प्रवाह निवडता येणारा आणि दोन्ही रसायने स्वतः ओळखणारा चार्जर घ्यावा. एए निकेल-मेटल हायड्राइडला ५०० ते १००० मिलिअँपिअर द्यावेत. फार मंद प्रवाहावर सेल भरल्याची खूण चार्जरला नीट मिळत नाही, त्यामुळे ‘हळू म्हणजे चांगले’ हा नियम येथे लागू पडत नाही. १४५००ला ३०० ते ५०० पुरे. निकेल सेल भरत आल्यावर कोमट लागतो, ते स्वाभाविक आहे. लिथियम-आयन सेल मात्र चार्ज होताना हाताला गरम लागला, तर लगेच काढावा. लिथियम-आयन सेल फक्त निकेलसाठी असलेल्या चार्जरमध्ये कधीही ठेवू नये. न चार्ज होणारा सीआर१२३ए आणि चार्ज होणारा १६३४० दिसायला जुळे असतात, तेव्हा चार्जरमध्ये ठेवण्यापूर्वी कवचावरची अक्षरे वाचावीत.

विजेरीतच चार्जिंगची सोय असेल तर सुरुवातीला वेगळा चार्जर नसला तरी चालते, पण सेल बाहेर काढून बदलता येतो ना, आणि तो बाजारात मिळणाऱ्या मापाचाच आहे ना, हे आधी तपासावे. काही कंपन्या सेलची दोन्ही टोके एकाच बाजूला आणतात, म्हणजे नवा सेल त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो. काही विजेऱ्यांचे यूएसबी-सी भोक दोन्ही बाजूंनी सी टोक असलेल्या केबलने चार्ज होत नाही. विजेरी बिघडली असे समजण्यापूर्वी सोबत आलेली, एका बाजूला जुने चौकोनी टोक असलेली केबल लावून पाहावी.

लिथियम-आयन सेल घेताना कवचावरचा आकडा हाच पहिला इशारा असतो. ‘९९०० मिलिअँपिअर-तास’ असे छापलेला १८६५० सेल बनावट आहे, हे तो न उघडताच सांगता येते, कारण त्या मापात चांगले सेल साडेतीन हजारांच्या आसपास असतात. १४५००वर ‘२५००’ दिसले तरी तेच समजावे. जास्त डिस्चार्ज व शॉर्ट सर्किट यांपासून वाचवणारी छोटी चकती असलेले ‘प्रोटेक्टेड’ सेल नवख्यासाठी योग्य, मात्र त्या चकतीमुळे सेलची लांबी दोन-तीन मिलिमीटर वाढते आणि तो आखूड नळीत बसत नाही. म्हणून विजेरीच्या निर्मात्याने सुचवलेला सेलच तिच्याबरोबर मागवणे सोपे पडते. परदेशातून मागवल्यास विमानाने लिथियम सेल पाठवण्यावरच्या निर्बंधांमुळे अनेक विक्रेते सेल काढून घेऊन नुसती विजेरी पाठवतात. एएचा पर्याय हवा, असा आग्रह मी धरतो त्यामागे हेही कारण आहे.

सहावी पायरी: घरी आल्यावरची पहिली संध्याकाळ

विजेरी पेटली नाही तर घाबरू नये. वाहतुकीत ती आपोआप लागू नये म्हणून सेलच्या टोकाशी प्लॅस्टिकची बारीक चकती ठेवलेली असते; शेपटी उघडून ती काढावी. सेल घालताना धन टोक बहुधा डोक्याकडे असते, तरी नळीवरची खूण पाहावी. अंधार करून पांढऱ्या भिंतीवर झोत टाकावा: मध्यभागी हिरवट आणि कडेला जांभळट छटा दिसत असेल, तर ती डोळ्यांना सोसते का ते आत्ताच ठरवावे, परत करण्याची मुदत असते तोवर. मग सर्वांत मंद पायरी लावून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावी. पडद्यावर काळे पट्टे सरकत असतील, तर विजेरी अतिवेगाने उघडझाप करून प्रकाश मंद करते आहे. काहींना याचा त्रास होत नाही. नळाखालचे पाणी थेंबाथेंबांनी तुटलेले दिसले की मला मात्र होतो.

नंतर पूर्ण प्रकाशावर पाच मिनिटे हातात धरून बसावे. डोके कितपत तापते, प्रकाश केव्हा उतरतो आणि उतरताना झटका जाणवतो का, हे एकदा पाहून ठेवले की रानात आश्चर्य वाटत नाही. शेवटी नवा भरलेला निकेल सेल घालून रोजच्या पायरीवर ती किती वेळ चालते ते घड्याळ लावून मोजावे. गडावर किती जादा सेल न्यायचे, हे त्याच आकड्यावरून ठरते. सेल संपत आल्यावर काय होते हेही याच वेळी कळते: काही विजेऱ्या हळूहळू मंदावून इशारा देतात, तर यूएसबीवर चार्ज होणारे दीड व्होल्टचे लिथियम पेन्सिल सेल घातले असल्यास व्होल्ट शेवटपर्यंत स्थिर राहून विजेरी एकदम विझते. राजगडाच्या बालेकिल्ल्याच्या वाटेवर असे एकदम विझणे मला नको असते, म्हणून ते सेल मी विजेरीत वापरत नाही.

निगा, प्रवास आणि जुने सेल

वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, शेपटी उघडून आट्या सुती फडक्याने पुसाव्यात आणि रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीसचा डाळीएवढा ठिपका लावावा. घरातले खोबरेल वापरू नये. ते थंडीत थिजते आणि धूळ धरून ठेवते. संपर्काच्या जागा दारू नव्हे तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या की निम्म्या ‘बिघडलेल्या’ विजेऱ्या पुन्हा पेटतात.

लिथियम-आयन सेल महिनोन्‌महिने ठेवायचे असतील, तर अर्धे भरलेले, ३.७ व्होल्टच्या आसपास ठेवावेत. पूर्ण भरून ठेवलेले सेल उन्हाळ्यात लवकर म्हातारे होतात. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात तर बंद गाडीत ते ठेवूच नयेत. मल्टिमीटरवर अडीच व्होल्टच्या खाली गेलेला, फुगलेला किंवा कवच फाटलेला सेल पुन्हा चार्ज करू नये. विमानप्रवासात सुटे लिथियम सेल चेक-इन सामानात चालत नाहीत. ते हातातल्या पिशवीत, डबीत घालून किंवा टोकांना चिकटपट्टी लावून न्यावेत.

नवा सेल हातात आल्याबरोबर मी त्यावर मार्करने महिना आणि वर्ष लिहितो. तीन-चार वर्षांनी विजेरी लवकर संपू लागली, की दोष तिचा की सेलचा हे त्या तारखेवरून पटकन कळते. बाद झालेला सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचा नसतो. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे तो घरच्या कचऱ्यापासून वेगळा ठेवून संकलन करणाऱ्याकडे द्यावा लागतो. आमच्या सोसायटीत ई-कचऱ्याची गाडी येते, त्या दिवसापर्यंत तो दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून एका काचेच्या बरणीत थांबतो. बरणीवरही लाल पट्टी आहेच.